कोटीपर्यंत मोज

पद्मल मगदूमचा आवाज मिरजेत सगळ्यांना ठाऊक होता. चेहरा मात्र फारसा कुणाला ठाऊक नव्हता. बसस्थानकाच्या कोपऱ्यात काचेची एक खोली, खोलीत माईक, आणि माईकमागं पद्मल. “प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. मिरजहून अंकली, जयसिंगपूरमार्गे कोल्हापूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे.” एवढंच वाक्य, पण ती ते असं म्हणायची की धावतपळत आलेल्या माणसालाही वाटावं, ही बाई आपल्याला टाकून गाडी सोडणार नाही. तोवर सगळीकडं यंत्रंच बोलायला लागली होती. मिरजेतही आणून बसवलं होतं एक. लोकांनी दोन महिन्यांत त्याला नको नको केलं आणि पद्मलला परत माईकवर बसवलं. त्याचा तिला कोण अभिमान!

शाळा सुटली की तिची लेक मनू त्या काचेच्या खोलीत येऊन टेबलाखाली बसायची. मृण्मयी हे नाव फक्त शाळेपुरतं. एक गोष्ट तिला पक्की शिकवलेली होती: आई माईकवर असताना हाक मारायची नाही. लाल दिवा लागला की मनू तोंडावर हात ठेवायची, आणि दिवा विझला की साठलेले प्रश्न एका दमात बाहेर. प्रश्न तरी कसले? आकड्यांचे. तिच्या आजोबांनी तिला जैन शास्त्रातली ती खड्ड्याची गोष्ट सांगितली होती. योजनभर लांब, रुंद आणि खोल खड्डा, बारीक केसांनी ठासून भरलेला. दर शंभर वर्षांनी त्यातला एकच केस काढायचा. खड्डा रिकामा व्हायला जो काळ लागेल, ते एक पल्य. झालं! पोरीनं घर डोक्यावर घेतलं. “पण आई, एकूण केस किती? मोजले कुणी? आणि मोजता मोजता शिंक आली तर?”

आठव्या वर्षी मनू चालताना तोल जाऊन पडायला लागली. मेंदूच्या देठापाशी गाठ निघाली, आणि तीही अशा जागी की सुरी लावायची सोय नाही. औषध जगात कुठंच निघालेलं नव्हतं. तपासण्या मात्र सुरू झाल्या. बोगद्यासारख्या यंत्रात निजायचं, अजिबात हलायचं नाही, आणि आईला आत येऊ देत नाहीत. तेव्हा पद्मलनं युक्ती काढली. “डोळे मीट आणि मोज. शंभर झाले की डोळे उघड, मी समोर.”

पहिल्याच दिवशी मनूनं सत्तरवरून थेट शंभरावर उडी मारली आणि उठून बसली. सगळी तपासणी पुन्हा करावी लागली. पद्मल रागावली. “चुकलं की पहिल्यापासून मोजायचं. आणि लबाडी केलीस ना, तर आई येणारच नाही!” रागाच्या भरात बोलून गेली बिचारी. मनूनं मात्र ते गाठीला बांधलं. त्यानंतर तिनं एकदाही लबाडी केली नाही.

गाठ वाढत गेली. डॉक्टरांनी शेवटी शीतनिद्रेचा पर्याय पुढं ठेवला. शीतनिद्रा म्हणजे काय, तर रक्तात एक द्रव मिसळून अंग हळूहळू थंड करत न्यायचं, अगदी बर्फाच्या जवळपास, पण गोठू द्यायचं नाही. थंडीत शरीराचा सगळा व्यवहार मंदावतो. हृदयाचा ठोका मिनिटा-दोन मिनिटांनी एक, श्वास त्याहून सावकाश, आणि गाठीची वाढही जवळजवळ थांबलेली. औषध निघेपर्यंत मूल तसंच ठेवायचं. मेंदूचं काय, असं मनूच्या वडिलांनी, श्रेणिकनं विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, मेंदू झोपलेला असतो, त्याला काही कळत नाही. त्या वेळी सगळ्यांची हीच समजूत होती.

मनूला झोपवायला तरुण डॉक्टर होत्या, नाझनीन मुजावर. सुई टोचून त्या म्हणाल्या, “मृण्मयी, दहापर्यंत मोज बघू.”

“दहा?” मनूनं नाक मुरडलं. “दहा काय मोजायचं असतं?”

पद्मलला त्याही स्थितीत हसू आलं. तिनं लेकीच्या केसांवरून हात फिरवला. “बरं बाई, कोटीपर्यंत मोज. कोटी झाले की डोळे उघड, मी समोर.”

“कोटी?” पोरीचे डोळे चमकले. “आणि चुकले तर?”

“चुकलीस तर पहिल्यापासून. आपला नियम.”

“तू मध्येच येऊ नकोस हां आई. मध्येच आलीस की मोजणं संपतं.”

“नाही येणार. जा आता.”

मनूनं डोळे मिटले. एक, दोन, तीन. सातला तिचे ओठ थांबले. दहा म्हटलं काय आणि कोटी म्हटलं काय, पोर दोन्हीकडं पोचणार नाही, एवढाच पद्मलचा हिशोब होता.

सहा वर्षं गेली. कामाला जाता-येता पद्मल शीतनिद्रेच्या केंद्रात जायची, काचेच्या पेटीतल्या लेकीकडं बघायची आणि परत यायची. मनू आठ वर्षांचीच होती. तिच्या वर्गातल्या मुली मात्र ओढणी सावरत कॉलेजच्या गोष्टी करायला लागल्या होत्या. पद्मलनं शाळेवरून जायचा रस्ता सोडून दिला.

एके दिवशी दुपारी डॉक्टर मुजावरांनी दोघा नवराबायकोला बोलावून घेतलं. टेबलावर मुकुटासारखं एक यंत्र होतं. माणूस मनात बोलतो तेव्हाही मेंदूत बोलण्याच्या खुणा उमटतात, त्या हे यंत्र वाचायचं. जबर अपघातात वाचा गेलेल्यांसाठी ते बनवलेलं. सहज म्हणून त्यांनी ते मनूच्या डोक्यावर बसवलं होतं.

“श्रेणिकभाऊ, पद्मलताई, बसा आधी,” त्या म्हणाल्या. “मृण्मयीचा मेंदू थांबलेला नाही. शंभर पटींनी मंद झालाय, एवढंच. ती मोजतेय.”

पडद्यावर अक्षरं उमटत होती. अडुसष्ट हजार दोनशे चार. एवढा एक आकडा पुरा व्हायला पाच मिनिटं लागली. तिघंही टक लावून बसली. मग खाली दुसरी ओळ सरकू लागली: अडुसष्ट हजार दोनशे पाच.

कोटी म्हणजे किती, हे तुम्हीआम्ही बोलताना विसरतो. उठसूट कोटीच्या गोष्टी करतो, मोजून कुणी बघत नाही. सुरुवातीचे आकडे भराभर होतात, शंभर तर दोन मिनिटांत. पण लाख ओलांडला की आकड्याचं नावच लांबत जातं. ‘त्र्याण्णव लाख सत्त्याऐंशी हजार चारशे छप्पन्न’ एवढं म्हणून बघा एकदा. न जेवता, न झोपता, श्वासाला न थांबता मोजलं, तरी धडधाकट माणसाला कोटी गाठायला वर्षाहून जास्त लागेल. आणि मनूचं एक वर्ष म्हणजे बाहेरची शंभर वर्षं.

“म्हणजे ती कोटीला पोचेपर्यंत...” श्रेणिक पुटपुटला.

“तिच्या दृष्टीनं झोपून बावीस-तेवीस दिवस झालेत,” डॉक्टर म्हणाल्या.

“बावीस दिवस!” श्रेणिक ताडकन उठला. “बावीस दिवस माझी पोर अंधारात एकटी मोजत बसलीय? आवाज पोचवता येतो ना तिच्यापर्यंत? तेवढाच मंद करून? मग सांगा तिला! पद्मल, सांग तिला, आम्ही इथंच आहोत म्हणावं!”

पद्मलच्या ओठांवर शब्द आलेही होते. मनू, आले गं. पण डॉक्टरांनी हात वर केला.

“आधी माझं ऐका. या केंद्रात बारा मुलं आहेत. गेल्या वर्षी दोघांच्या आजारावर औषध निघालं, आम्ही त्यांना उठवलं. शरीरं उठली, मुलं उठली नाहीत. नजर स्थिरावत नाही, नाव कळत नाही. बाकीच्यांना आता हे यंत्र लावून पाहिलं. मेंदू विझत चाललेत. एकट्या मृण्मयीचा लख्ख आहे. मोजतेय म्हणून तो चालू आहे. मोजणं थांबलं तर ती किती टिकेल, ते मला सांगता येणार नाही.”

श्रेणिक खुर्चीत बसला.

“मी आले म्हटलं की तिचं मोजणं संपतं,” शेवटी पद्मल म्हणाली. “मी बोलणार नाही.”

“तुझं काळीज आहे का दगड?” श्रेणिक ओरडला. दिवसभर अख्ख्या गावाशी बोलायचं आणि पोटच्या पोरीशी तेवढं बोलायचं नाही, हे पद्मलच्या वाट्याला आलं होतं.

ती रजा टाकून पडद्यासमोर बसली. मध्येच एकदा आकड्यांच्या जागी वेगळीच ओळ सरकली: आई, लपलीयस ना अजून? पद्मलनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. पुढं परत आकडे सुरू झाले.

एक गोष्ट डॉक्टरांना सुटत नव्हती. सहा वर्षांच्या हिशोबानं मनू सहा लाखांच्या पुढं असायला हवी होती. मग ती अडुसष्ट हजारांवर कशी? आठवड्याभरानं त्याचा उलगडा झाला. पडद्यावर आलं: एकोणसत्तर हजार नऊशे नव्याण्णव. पद्मल पुढं सरसावली. पुढची ओळ हळूहळू उमटली. ऐंशी हजार.

एकोणसत्तर आणि एकोणऐंशी, मनूचा घोटाळा व्हायचा तो इथंच. पहिलीपासूनचा.

पडदा कितीतरी वेळ रिकामा राहिला. मग एकेक अक्षर आलं. अं हं. चुकले. पहिल्यापासून. आणि त्याच्याखाली: एक.

“अगं नको!” पद्मल पडद्यावर हात आपटत ओरडली. “अगं नको गं माझे बाई! कुणी ऐकलं नाही, कुणी बघितलं नाही, म्हण की सत्तर हजार आणि जा पुढं!”

हे कितव्यांदा झालं होतं, देव जाणे. आठ वेळा असेल, नऊ वेळा असेल. त्या अंधारात चूक पकडायला कुणी नव्हतं, आणि पोर प्रामाणिकपणे दर वेळी पहिल्यापासून सुरू करत होती. आई येणारच नाही, असं आईनंच बजावलं होतं ना? पद्मल त्या दिवशी ऊर फुटेस्तोवर रडली. जरा लबाडी शिकवली असती लेकीला, असं तिला पुन्हा पुन्हा वाटत राहिलं.

रजा संपून ती माईकवर बसली तेव्हा लाल दिवा लागला, आणि सवयीनं तिची नजर टेबलाखाली गेली. तिथं कुणी नव्हतं. कोल्हापूरच्या गाडीची घोषणा तिनं पुरी केली, आणि तशीच उठून, चप्पल पायात सरकवत केंद्राकडं निघाली.

“डॉक्टर, मी आईच्या आवाजात बोलणार नाही,” धापा टाकत ती म्हणाली. “माईकवरच्या आवाजात बोलते. मी माईकवर असले की मनू हाक मारत नाही. मी आले, असंही तिला वाटायचं नाही. आई जवळ आहे, कामात आहे, एवढंच तिला कळेल.”

“आणि ती मोजायची थांबली तर?”

“माझी पोर आहे ती. नाही थांबायची.”

डॉक्टरांना दोन दिवस लागले हो म्हणायला. पद्मलनं नेहमीची घोषणा नेहमीसारखी म्हटली. यंत्रानं ती शंभर पट ताणून मनूच्या कानात सोडली. बाहेरच्यांना नुसती घरघर ऐकू येत होती, पाऊण तास. मनूचं मोजणं मध्येच थांबलं. पडदा कोरा झाला. दहा मिनिटं गेली, वीस गेली. श्रेणिक भिंतीला डोकं टेकून णमोकार मंत्र पुटपुटत होता. डॉक्टरांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. पद्मल तेवढी पडद्याकडं बघत होती.

मग अक्षरं आली. आई माईकवर आहे. आणि त्यामागोमाग, जिथं थांबली होती तिथून पुढचा आकडा.

श्रेणिकनं बायकोला मिठीत घेतलं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण परक्यांसमोर पहिल्यांदाच.

तेव्हापासून रोजची एक घोषणा मनूसाठी. कधी तासगावची गाडी, कधी म्हैसाळची, कधी आरग-बेडगची. आठ महिन्यांनी मनू पुन्हा त्या अवघड जागी आली. पद्मलनं त्या दिवसाची घोषणा आधीच बेतून ठेवली होती. “प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. गाडी क्रमांक सत्तर हजार, फलाट क्रमांक तीनवर लागत आहे.” एकोणसत्तर हजार नऊशे नव्याण्णव झाले. पडदा थबकला. सत्तर हजार, असं उमटलं, आणि डॉक्टर मुजावरांनी एखाद्या पोरीसारख्या टाळ्या पिटल्या. सगळ्या केंद्रात पेढे वाटले श्रेणिकनं.

आनंदाचे म्हणावेत असे एवढेच दिवस. त्यापुढं नुसतीच वर्षं गेली. मनूनं लाख ओलांडला, दहा लाख ओलांडले. अवघड आकड्याला एखादी गाडी त्या क्रमांकाची निघायचीच. श्रेणिक गेला. जाताना म्हणाला, “उठल्यावर तिला सांग, बाबा पुष्कळ थांबला होता.” पद्मल निवृत्त झाली. तिचा घसा बसला, आवाज चिरका झाला. मग नव्या घोषणा बंद करून जुन्याच फिरवून वाजवायला लागले. हजारो घोषणा साठवलेल्या होत्या, खणखणीत आवाजातल्या. एक शब्द मात्र तिनं कधीच ध्वनिमुद्रित केला नाही. ‘आले.’ चुकून कुणाचा हात लागला आणि वाजला तर? या भीतीनं तिनं तो उच्चारलासुद्धा नाही. पुढं कधीतरी आपल्याच तोंडानं म्हणू, असं तिच्या मनात होतं.

पद्मल सत्तरीच्या पुढं गेली तेव्हा औषध निघालं. डॉक्टर मुजावरांचेही केस पांढरे झाले होते. त्यांनी स्वतः घरी येऊन सांगितलं, तेव्हा पद्मलला आधी ऐकूच आलं नाही.

गाठ विरघळली. मनूचं अंग दिवसादिवसानं ऊबदार करत आणलं. जसजशी ऊब वाढली तसतशी पडद्यावरची अक्षरं भराभर पळायला लागली. बत्तीस लाख आणि वर काही. पण डोळे उघडेनात. मनू मोजतच होती.

“ताई, आता तुमचं काम,” डॉक्टर म्हणाल्या. “मोजणं सुटलं तर ती उठेल. ऊब दिल्यावर असं फार वेळ ठेवता येणार नाही, आजच उठायला हवी.”

पद्मल पेटीवर वाकली. चाळीस वर्षं गिळलेला शब्द तिनं तोंडातून काढला. “मनू... आले गं बाळा. आले मी.”

पडद्यावरचे आकडे थांबले. मग ओळ आली: कोण आजी बोलताहेत? मी मोजतेय. आणि आकडे परत सुरू.

पद्मलनं पुन्हा म्हटलं. चिरक्या, बसलेल्या आवाजात जेवढं प्राण आणून म्हणता येईल तेवढं म्हटलं. पोरीनं लक्षच दिलं नाही. आई तशी बोलत नव्हती ना! आईचा आवाज तिच्या कानात रोज होता, आणि तो हा नव्हता.

डॉक्टर चाचरत म्हणाल्या, “ताई, तुमच्या जुन्या घोषणांवरून यंत्र तो शब्द तयार करू शकेल. तुमच्याच आवाजात. तुम्ही हो म्हणालात तरच.”

ज्या यंत्राच्या आवाजाला मिरजेनं एकदा हाकलून लावलं होतं, तेच आता तिच्या गळ्यानं तिच्या लेकीला हाक मारणार होतं. पद्मलनं डोळे पुसले. “हो म्हणते. माझं काय घेऊन बसलाय? पोर उठू दे.”

खोलीत चौतीस वर्षांची पद्मल बोलली. स्वच्छ, मोकळा, हसरा आवाज. “मनू, आले गं! झालं मोजणं, उघड डोळे.” म्हातारी पद्मल तो ऐकून भिंतीला टेकली. इतका चांगला होता का आपला आवाज?

आकडे थांबले. पापण्या हलल्या, मनूनं डोळे उघडले. उजेडानं ते किलकिले झाले, आणि ओठांवर हसू आलं. “लवकर आलीस! अजून कोटी कुठं झालेत?”

मग तिची नजर समोर स्थिरावली. समोर एक म्हातारी बाई उभी होती, पांढऱ्या केसांची, थरथरणारी, गालांवर पाणी ओघळणारी. मनूनं तिच्याकडं पाहिलं. मग मान वाकडी करून तिच्या मागं पाहायचा प्रयत्न केला.

“आजी, जरा बाजूला होता का?” ती हळूच म्हणाली. “आई तुमच्या मागं लपलीय.”

पद्मल बाजूला झाली.

मागं नुसतं दार होतं. मनूनं दाराकडं पाहिलं, खिडकीकडं पाहिलं, पेटीखाली पाहायला मान वळवली, पण तेवढी ताकद अजून नव्हती. “बाहेर लपली असेल,” ती स्वतःशीच म्हणाली. “मी मध्येच डोळे उघडले ना, कोटी व्हायच्या आधी. आता परत मोजायला लागणार. पहिल्यापासून.” तिचा आवाज रडवेला झाला. “आजी, कोटी फार मोठा असतो हो.”

“हो गं बाळा,” पद्मल म्हणाली. “फार मोठा असतो. चुकलंच तिचं. तू आता दहापर्यंतच मोज.”

“दहा? दहा काय मोजायचं असतं?”

“एवढ्या वेळी मोज. दहा झाले की डोळे उघड. आई समोर असेल.”

“लबाडी नाही ना?”

“नाही. आपला नियम.”

मनूनं क्षणभर त्या म्हातारीकडं टक लावून पाहिलं. मग डोळे मिटले. “एक. दोन. तीन.”

पद्मलनं पदरानं तोंड पुसलं, केस सारखे केले. बाजूनं पुढं सरसावणाऱ्या डॉक्टरांना तिनं हातानंच थांबवलं. मग ती एकेक पाऊल टाकत आली आणि लेकीच्या अगदी समोर उभी राहिली.

“आठ,” मनू म्हणाली. “नऊ.”